डावीकडचे बटण

“तेवढा दांडा ऱ्हाऊ द्या,” शिदूअण्णा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी त्या दांड्यावर हात ठेवला. मी तो त्याच क्षणी उपटून नेईन अशी त्यांना भीती वाटली असावी.

दांडा म्हणजे मशीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमरेच्या उंचीवर गेलेली गुळगुळीत लोखंडी कांब. मशीनपाशी कुठेही उभे असताना ती कोपराने किंवा मांडीने जराशी ढकलली की तीस पावले लांबीचे ते धूड मंद चाले, आणि आणखी ढकलली की थांबे. त्यासाठी हात मोकळे असण्याची गरज नव्हती. नजरेची तर मुळीच नव्हती.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा पुण्याच्या एका लहानशा कंपनीत होतो. जुन्या यंत्रांवरचे खटके, चक्रे आणि काट्यांची घड्याळे काढून त्यांच्या जागी टच स्क्रीन बसवणे, आणि त्या पडद्यावर काय, कुठे व कोणत्या क्रमाने दिसावे हे ठरवणे, हा माझा व्यवसाय होता. त्या कामासाठी मी इचलकरंजीला सुकुमार बिरनाळे यांच्या सायझिंगमध्ये दोन महिने मुक्काम ठोकून होतो. यंत्रमागावर चढण्यापूर्वी उभ्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर ते मागावर टिकत नाही. हजारो धाग्यांची एक रुंद चादर उकळत्या खळीच्या हौदातून निघते, रबरी रुळांत पिळली जाते, वाफेवर तापलेल्या मोठमोठ्या सिलेंडरांवरून वाळत जाते आणि शेवटी बीमवर, म्हणजे मागावर चढणाऱ्या मोठ्या रिळावर, गुंडाळली जाते. हा सारा प्रवास जो सांभाळतो तो सायझर. शिदूअण्णा, म्हणजे शिदगोंडा तारदाळे, त्या मशीनवर एकतीस वर्षे सायझर होते.

त्यांच्याविषयी गावात जे बोलले जाई ते मी आल्या आल्याच ऐकले होते. सूत घेऊन येणारा कारखानदार दर विचारण्याआधी, सूत कुणाच्या हाताखाली लागणार, हे विचारी. अण्णांच्या, असे उत्तर मिळाले तर तो बाकीचे काही न विचारता चहा मागवी. खळ दाट झाली की पातळ, हे पाहण्यासाठी माझ्याजवळ एक मापक होता. अण्णा ओल्या धाग्याची चिमूट अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरीत, डोळे मिटून ती एकदा चोळीत, आणि सांगत. आठवडाभर मी त्यांचा अंदाज आणि माझा मापक शेजारी शेजारी लिहून ठेवले. फरक आढळला तो दोनदा. आणि दोन्ही वेळा मापकाचे छिद्र खळीने बुजलेले निघाले.

तरीही दांड्याच्या बाबतीत मी त्यांचे ऐकले नाही. बिरनाळे मालकांच्या समक्ष आमचा वाद झाला. अण्णांचे म्हणणे साधे होते. सायझरचा हात खळीने भरलेला असतो, चष्मा वाफेने आंधळा झालेला असतो; अशा वेळी त्याने सुताकडे बघायचे की टीव्हीकडे? पडद्याला ते शेवटपर्यंत टीव्हीच म्हणत. मी माझे मुद्दे एकापुढे एक ठेवले. एका यंत्राला दोन धनी असू नयेत. दांडा कुणी ढकलला, केव्हा आणि कशासाठी, याची नोंद कुठेच राहत नाही. पडद्यावर पडलेले प्रत्येक बोट मात्र तारीखवेळेसह नोंदले जाते. उद्या काही बिघडले तर मालकांना कुणाच्या तोंडाकडे बघत बसावे लागणार नाही. शेवटच्या मुद्द्यावर मालकांची मान हलली आणि वाद मी जिंकला; दांडा निघाला. मी वाद बहुधा जिंकत असे.

हरल्यावर अण्णांनी एकच मागितले. पडद्याच्या तळाशी मशीनच्या गतीची तीन बटणे होती. त्यांतले ‘मंद’ हे बटण अगदी डावीकडे, पोलादी चौकटीच्या कोपऱ्याला लागून हवे. कोपरा अंगठ्याला न बघता सापडतो, आणि कोपरा सापडला की पुढचे आपोआप होते, असे त्यांचे म्हणणे. सुताचे काहीही बिनसले तरी सायझर आधी मशीन मंद करतो, थांबवत नाही. मशीन थांबले की तापलेल्या सिलेंडरवर सूत उभ्या उभ्या करपते आणि रुळांत चिकटून बसते. मी औदार्याने होकार दिला. जिंकलेल्या माणसाला ते जमते.

पंधरा दिवसांत त्यांच्या हाताला ते पाठ झाले. मी उभा राहून पाहिले आहे. नजर सुतावर, उजवा हात रुळापाशी, आणि डावा हात न वळता मागे जाई. अंगठा चौकटीच्या कोपऱ्यात बसे, जरासा आत सरके, आणि मशीनचा आवाज उतरत येई. चष्मा खिशात. एकदा मी त्यांना म्हणालो की तुम्हाला पडदा आवडलेला दिसतो. त्यावर ते म्हणाले, “आवडंल कशाला? नवी सून घरात आली, आता तिच्या हातचं जेवायचं, एवढंच.”

मला मात्र बटणांचा तो क्रम रोज खुपत असे. मंद, थांबा, पूर्ण. आधी मधली गती, मग शून्य, मग सर्वांत अधिक. त्यात कसलीच संगती नव्हती. एखाद्या रचलेल्या परिच्छेदात एक वाक्य दुसऱ्याच्या जागी जाऊन बसावे तसे ते मला दिसे, आणि पडदा तर माझ्या नावाने ओळखला जाणार होता.

एका सोमवारी मालकांनी गावातल्या पाच सायझिंगवाल्यांना मशीन बघायला बोलावले. त्यांतल्या दोघांनी पसंत केले असते तर आमच्या कंपनीला वर्षभराचे काम मिळाले असते. सकाळी साडेआठला, मागच्या बाजूला नवे सूत चढवले जात असताना, मी पडद्यावर सुधारलेला प्रोग्राम टाकला. अक्षरे मोठी केली, भडक निळी पार्श्वभूमी काढून शांत राखाडी आणली, आणि जे जे मला बेशिस्त वाटत होते ते शिस्तीत बसवले. अण्णा तेव्हा खळीच्या कढईपाशी होते. कढ येण्याच्या वेळी ते कुणाशी बोलत नसत. चहाच्या वेळी त्यांना सगळे दाखवू असे मी ठरवले. चहाच्या आधी पाहुणे आले.

मालक केबिनमध्ये दरांचे कागद काढत होते, तोवर पाहुण्यांना मी पडदा दाखवला, त्यावरून मशीनही मीच सुरू करून दिले, त्यांनी माना डोलावल्या, आणि आम्ही केबिनमध्ये येऊन बसलो. दरांचे बोलणे निघाले होते. एवढ्यात बाहेरचा आवाज बदलला. सायझिंगमध्ये दिवसभर जी एक घरघर असते ती बंद झाली आणि वाफेचा फुसकारा तेवढा उरला. मालक खुर्चीतून उठले ते कपाला धक्का लावूनच.

बाहेर काय झाले होते ते एका नजरेत कळत होते. पिळण्याच्या रुळावर तुटक्या धाग्यांचा गुंडाळा बसला होता. अशा वेळी मशीन मंद करून तो चाकूने कापून काढायचा असतो. अण्णा रुळावर ओणवे होते, उजव्या हातात चाकू होता, आणि डाव्या हाताचा अंगठा पडद्यावर पुन्हा पुन्हा पडत होता. मशीन जागचे हलत नव्हते. सिलेंडरांवरून करपलेल्या खळीचा गोडसर वास यायला लागला होता. दुसरा सायझर सलीम नदाफ मागच्या टोकाकडून धावत आला. तो चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याचे काम मागच्या बाजूला असल्यामुळे पडद्याशी त्याचा फारसा संबंध येत नसे. त्याने बाहीने काच पुसली, पडद्याला नाक लावल्यासारखा तो वाकला, आणि एक बटण दाबले. मशीन हळूहळू चालू लागले; पण पुढच्या टोकाला, जिथे चिकटलेले धागे कांबींवर सुटे होतात, तिथे ते शेकड्यांनी तुटू लागले. तुटण्याचा आवाज वाळक्या गवतावरून कुणी चालावे तसा येत होता. ऐंशी नंबरचे बारीक सूत होते, आणि एका माणसाची अख्खी ऑर्डर त्यावर होती. पाहुणे निघून गेले. जाताना त्यांतला एक हलक्या आवाजात म्हणाला की तारदाळ्याचं वय झालं.

मालकांनी मला नोंद काढायला सांगितली. मी लॅपटॉप जोडला.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटे सात सेकंद, थांबा. अकरा सेकंद, थांबा. पंधरा, थांबा. सोळा, थांबा. चोवीस, थांबा. त्यानंतर दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ काहीही नाही. ती धावपळीची दोन मिनिटे. मग अकरा चव्वेचाळीस एकतीस, मंद. तो सलीम.

थांबलेल्या मशीनला कुणी पाच वेळा थांब म्हणत नाही. अण्णा त्याला चाल म्हणत होते, मंद चाल. आणि त्यांचा अंगठा पाचही वेळा बिनचूक त्याच कोपऱ्यात गेला होता जिथे महिनाभर ‘मंद’ होते. त्या कोपऱ्यात त्या दिवशी सकाळी साडेआठला मी ‘थांबा’ आणून ठेवले होते. शून्य सगळ्यांत आधी यावे म्हणून.

दोन वाजता सगळे डबे उघडून बसले होते. मी पडद्यापाशी गेलो आणि जुना प्रोग्राम परत टाकला. त्याला चाळीस सेकंदही लागले नाहीत. निळी पार्श्वभूमी परत आली, लहान अक्षरे परत आली, ‘मंद’ आपल्या कोपऱ्यात परत गेले. मी मनाशी म्हणालो की नव्या प्रोग्रामची पुरती चाचणी झालेली नाही, तेव्हा तो काढणे हेच जबाबदारीचे आहे. कारणे मला कधी कमी पडली नाहीत.

तीन वाजता केबिनमध्ये आम्ही चौघे होतो: मालक, अण्णा, सलीम आणि मी. नोंदीचा कागद मालकांच्या पुढे होता. मालकांनी आवाज चढवला नाही. अण्णा त्यांच्या वडिलांच्या वेळचे. त्यांना ते अहोजाहो करीत. अण्णा म्हणाले, मंदच दाबलं. मालकांनी कागद त्यांच्याकडे वळवला आणि पाच ओळींवरून बोट फिरवले. अण्णांनी कागद वाचला नाही. ते त्या बोटाकडे बघत राहिले.

तेव्हा सलीम बोलला. “मालक, मी मधलं बटण दाबलं हुतं. मंद मधल्यावर लिवलं हुतं. डाव्या बाजूला न्हवतं.”

मालकांनी माझ्याकडे पाहिले. अण्णांनीही पाहिले. त्या क्षणी एवढेच म्हणायचे होते, की हो, सलीम बरोबर सांगतो आहे. मी म्हणालो, “पडदा बाहेरच आहे. इथे वाद घालण्यापेक्षा जाऊन पाहू या.”

आम्ही गेलो. डावीकडे ‘मंद’ होते. सलीमने बराच वेळ पाहिले. पडदा सकाळी एवढा निळा नव्हता, असे काहीतरी तो पुटपुटला. मालक त्याला म्हणाले की काचेवर वाफ होती, तू घाबरलेला होतास, तुला काय निळं दिसलं आणि काय हिरवं. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून तिन्ही बटणे अक्षर अक्षर लावून वाचली. मग चष्मा काढला, सुताकडे तोंड केले, डावा हात मागे नेला. अंगठा कोपऱ्यात बसला. त्यांनी वळून पाहिले. पुन्हा सुताकडे तोंड केले, पुन्हा हात मागे नेला. असे तीनदा. तिन्ही वेळा अंगठा ‘मंद’वर होता.

मालक म्हणाले, “असू द्या अण्णा. एकतीस वर्षांत एकदा. उद्यापासून जरा बघून दाबा, म्हणजे झालं. सूतवाल्याचं मी बघतो.” त्यांनी कागदाची घडी केली आणि ते केबिनकडे वळले. अण्णांची नोकरी, मान, काहीही जाणार नव्हते. मला इतके हलके वाटले की मी सलीमच्या खांद्यावर थोपटले. त्याने खांदा काढून घेतला.

पाचच्या सुमारास मी मागच्या नळावर हात धुवायला गेलो. अण्णा तिथे होते. वाळलेली खळ त्यांच्या बोटांवरून सापाच्या कातीसारखी निघत होती. त्यांनी मला जागा करून दिली आणि नळ चालूच ठेवला.

“सायेब,” ते म्हणाले, “ही मशीन तुमची, टीव्ही तुमचा, म्हणून तुमालाच इचारतो. दुसऱ्याला इचारून उपेग न्हाई. बटन सकाळी बी तितंच हुतं न्हवं?”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बहुधा मी कबूल केले असते. आरोपाला मी खरे उत्तर देतो असा माझा तरी समज आहे. त्यांनी ते वैद्याला विचारावे तसे विचारले होते.

मी म्हणालो, “तुम्ही आत्ताच पाहिलेत ना, अण्णा?”

“व्हय. बगितलं.” त्यांनी मान हलवली. “मग हातच.” आणि अंगठा पाण्याखाली धरून ते तो उलटसुलट करून पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला घाईघाईने बोलावले. अण्णा मशीनवर उभे राहायला तयार नव्हते. मालकांना वाटले की ते रागावले आहेत. त्यांनी पगाराचे बोलून पाहिले, वडिलांचे नाव घेऊन पाहिले. शेवटी मला म्हणाले, “इंजिनिअर साहेब, तुम्हाला मुद्दे मांडता येतात. तुम्ही समजवा.”

आणि मी समजावू लागलो. त्याची मला आजही सर्वांत अधिक लाज वाटते. बटणे परत हलवल्याची, सलीमला खोटे पाडल्याचीही इतकी वाटत नाही. मी अर्धा तास बोललो. वाफेत दमलेल्या शरीराचे भान सुटते. घाईत माणसाचा हात एकदा एका जागी गेला की घाबरून पुन्हा पुन्हा तिथेच जातो. चूक न होणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मी त्यांना धीर देत होतो, उपमा देत होतो, माझ्या स्वतःच्या चुका सांगत होतो. एक सोडून सगळ्या. माझे बोलणे चांगले झाले. मालकांच्या चेहऱ्यावर तसे दिसत होते.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले.

“एकदा चुकला असता तर मी बी हासलो असतो, सायेब,” ते म्हणाले. “पाच येळा चुकला. आन चुकतोय ते मला कळलं न्हाई. मला तर वाटत हुतं बराबर पडतोय. बराबर पडतोय आसं वाटून जो चुकतो, त्या हाताचं काय करायचं? लोक माझ्या हाताच्या भरवशावर सूत टाकून जात्यात. ज्याला आपला हात आपला वाटंना, त्यानं दुसऱ्याच्या सुताला शिवू न्हये.”

माझ्याजवळ या मुद्द्याला उत्तर होते. ते एका वाक्याचे होते, आणि त्या वाक्यानंतर अण्णा पुढची दहा वर्षे तरी त्या मशीनपाशी उभे राहिले असते.

पुढे मी ते वाक्य कागदावर अनेकदा लिहिले. तीन वेळा तर पूर्ण पत्र लिहिले, नदीपलीकडच्या त्यांच्या गावचा पत्ताही मिळवला. दर वेळी पत्र वाचून पाहिले की ते इतके नीटनेटके उतरलेले असे, त्यात माझी बाजू इतकी समजूतदारपणे मांडलेली असे, की ते पोस्टात टाकण्याची मला शरम वाटे. आणि नीटनेटके नसलेले पत्र लिहिणे मला जमले नाही. अण्णा गेल्याचे मला मागच्या वर्षी कळले. शेवटची काही वर्षे ते भावाच्या मळ्यावर राखणीला होते, आणि विळा, कुऱ्हाड असे धारेचे काहीही हातात धरत नसत, असे सांगणाऱ्याने सहज सांगितले.

त्या दिवशी मात्र ते लगेच काम सोडून गेले नाहीत. मशीन सलीमच्या हाती नीट देऊन जाईन, म्हणाले. दुपारभर त्यांनी त्याला रुळांचा दाब, सिलेंडरांचा ताव, बारीक सुताची आणि जाड सुताची खळ, सगळे सांगितले. धाग्याची चिमूट कशी धरायची तेही सांगितले, पण स्वतः धरून दाखवले नाही. मी दोन पावलांवर उभा होतो. यंत्र हस्तांतरित होताना अभियंत्याने हजर असावे असा आमचा नियम होता.

शेवटी ते पडद्याशी आले. त्यांनी सलीमला समोर उभे केले आणि तिन्ही बटणे एकेक करून वाचायला लावली.

“ध्यानात ठेव,” ते म्हणाले. “बगून दाबायचं. वाफ असली तर काच पुसायची, मग दाबायचं. सूत गेलं तर जाऊ दे. आधी वाचायचं. हात काय बी म्हणू दे, हाताचं ऐकायचं न्हाई.” मग ते माझ्याकडे वळले. “बराबर सांगतोय न्हवं, सायेब?”

सलीम पडद्याकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता.

“बरोबर आहे, अण्णा,” मी म्हणालो.